शहाण्णव अंश

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला उद्दिष्टांची टंचाई कधीच भासत नाही. मी बी.एड.ला होतो तेव्हा पाठटाचणात ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने पाडायचे आणि प्रत्येकासमोर 'स्पष्टीकरणे' भरायची, हा शिरस्ता होता. ही विभागणी मुळात बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९५६ मध्ये मांडलेल्या वर्गवारीतून आलेली आहे, हे आम्हाला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. मग पाठ्यपुस्तकांत क्षमताविधानं आली. २०१७ मध्ये एनसीईआरटीने आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी अध्ययन निष्पत्ती काढल्या, त्या मराठीत येऊन शाळांच्या भिंतींवर लागल्या. विद्यार्थी ओळखतात, फरक करतात, वर्गीकरण करतात, मोजतात, आकृती काढून नावं देतात. यादी वाईट नाही. घोकंपट्टीच्या जुन्या दिवसांपेक्षा पुष्कळ बरी. उच्च प्राथमिक विज्ञानाच्या यादीत अगदी शेवटाकडे एक ओळ येते: मूल प्रामाणिकपणा, वस्तुनिष्ठता, सहकार्य दाखवतं आणि भीती व पूर्वग्रह यांपासून मोकळं असतं, अशा आशयाची. प्रशिक्षणात या ओळीपर्यंत पोचेतो जेवणाची वेळ झालेली असते.

तोरणमाळला नववी-दहावीचं विज्ञान हातात घेतलं, तेव्हापासून मला ती ओळ यादीच्या तोंडाशी हवी असं वाटू लागलं आहे. ते का, हे सांगायला उकळत्या पाण्याची हकिकत सांगावी लागेल.

तोरणमाळ म्हटलं की शहादा-नंदुरबारकडच्या लोकांना यशवंत तलाव, सीताखाई, गोरखनाथाचं मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा आठवते. सातपुड्याच्या माथ्यावरचं हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत एसटी सातपायरी घाट चढते आणि माणूस वर येतो तेव्हा हवा बदललेली असते. पावसाळ्यात ढग वर्गात शिरतात, वह्या दमट होतात, फळ्यावर खडू उमटत नाही. मुलं बहुतेक पावरा आणि भिल्ल समाजाची, पाड्यांवरून आलेली, निवासी. घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी. त्यामुळे विज्ञानाचं पुस्तक त्यांना दोनदा परकं असतं, एकदा भाषेने आणि एकदा विषयाने. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, त्यात स्पिरिटचे दिवे, चंचुपात्रं, लोलक, दोन-चार चुंबकं आणि उणे दहा ते एकशे दहा अंशांचे थर्मामीटर. मी कुरकुर करत नाही. एवढ्यावर पुष्कळ होतं.

दहावीच्या पहिल्या भागात 'उष्णता' नावाचा पाठ आहे. बर्फ तापवत न्यायचा, ठरावीक वेळाने तापमान नोंदवायचं आणि आलेख काढायचा. आलेखाला दोन सपाट पायऱ्या येतात: बर्फ वितळत असताना शून्यावर आणि पाणी उकळत असताना शंभरावर. अप्रकट उष्मा समजवायला याच्याइतका सुरेख प्रयोग नाही. उष्णता देत राहा आणि पारा हलत नाही, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. बर्फाची सोय वर नसते, म्हणून मी नुसत्या पाण्यापासून सुरुवात केली. गटागटाने मुलं बसली. पाणी खळाखळा उकळू लागलं. रकाने भरले. वह्या गोळा केल्या तर झाडून सगळ्यांची शेवटची पायरी बरोबर १०० वर.

थर्मामीटर मी स्वतः वाकून पाहिले होते. एकाही थर्मामीटरचा पारा शहाण्णवाच्या फारसा वर गेलेला नव्हता.

पोरांनी लबाडी केली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुस्तकात आलेख छापलेला आहे, त्यावर १०० लिहिलेलं आहे, मागच्या वर्षीच्या पोरांच्या प्रयोगवहीत १००च आहे, बोर्डाच्या पेपरात १००च विचारतात. प्रात्यक्षिकाचे वीस गुण त्या वहीवर अवलंबून. अशा वेळी काचेच्या नळीतल्या चांदीच्या रेघेवर विश्वास ठेवणं हे धाडसच म्हणायचं. शहरातल्या मोठ्या शाळांतही ओहमच्या नियमाची रीडिंगं आधी रोध ठरवून मग उलटी भरली जातात, हे विज्ञानाच्या कोणत्याही शिक्षकाला खाजगीत विचारा.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाणी ठेवलं आणि एकेकाला जवळ बोलावून फक्त एवढंच विचारलं, "किती दिसतंय?"

"शहाण्णव."

"मग वहीत?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "सर, थर्मामीटर खराब आहे." दुसरा म्हणाला, "पाणी नीट उकळलंच नाही अजून." मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीलाही हळू आवाजात ओ देते, तिने विचारलं, "सगळेच थर्मामीटर एकसारखे कसे खराब होतील?"

मला हवा असलेला तास त्या प्रश्नापाशी सुरू झाला. उत्तर मला ठाऊक होतं. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. हे एक वाक्य फळ्यावर लिहिलं असतं तर पोरांनी ते उतरवून घेतलं असतं, आणि १०० च्या जागी ९६ पाठ केलं असतं. पुस्तकाच्या शब्दाऐवजी सरांचा शब्द. त्यात त्यांच्या पदरात काय पडलं असतं? म्हणून मी गप्प बसलो. शिक्षकाला हे फार जड जातं.

थर्मामीटर खराब आहे की नाही, हे कसं कळेल? चर्चा बरीच वाहवत गेली. कुणी म्हणालं अंगाला लावून बघू. कुणी म्हणालं नवीन आणा. शेवटी ठरलं की पुस्तकातली दुसरी पायरी तपासायची, शून्याची. शहाद्याहून थर्मासमधून बर्फ आणला. निम्मा वाटेत वितळला, पण वितळता बर्फच तर हवा होता. थर्मामीटर ठेवले, सगळे शून्यावर, एखादा केसभर इकडेतिकडे. म्हणजे खालचं टोक बरोबर. "खालचं बरोबर म्हणून वरचंही बरोबर असेलच असं नाही," हे मी नाही, वर्गातल्याच एकाने म्हटलं. तो पुढे वकील होणार असं मला तेव्हापासून वाटतं.

मग थर्मामीटर खाली न्यायचा, असं निघालं. कामासाठी शहाद्याला जायचंच होतं, दोन मुलांना त्यांच्याही कागदपत्रांसाठी यायचं होतं. थर्मामीटर वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतलेला, एसटी घाट उतरते आहे, अशा वेळी एका मुलाचं लक्ष त्याच्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. वर असताना त्याने ती रिकामी करून घट्ट बंद केली होती. खाली पोचेपर्यंत तिचं पोट आत गेलेलं. "सर, हिला कोणी दाबलं?" मी म्हटलं, लिहून ठेव. वर यात्रेच्या दिवसांत दुकानांत लटकणारी वेफर्सची पाकिटं फुगून टम्म का असतात, हे त्याने नंतर आपणहून या बाटलीशी जोडलं. माझं काम एवढंच होतं की त्याला बसमध्ये हवेच्या दाबावर व्याख्यान द्यायचं नाही.

शहाद्याला स्टँडजवळच्या चहावाल्याला विनंती केली. त्याने आधी आमच्याकडे अन्नभेसळवाले आले असावेत अशा नजरेने पाहिलं, मग पोरं पाहून हसला आणि चहापत्ती टाकायच्या आधी पातेल्यात थर्मामीटर धरू दिला. पारा नव्व्याण्णवाच्या थोडा वर जाऊन थांबला. तोच थर्मामीटर, तेच दोन डोळे. शहादा तापीच्या खोऱ्यातलं, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर उंच. म्हणजे तोरणमाळहून जवळजवळ हजार मीटर खाली. चहावाल्यानेच विचारलं, "वर काय कमी तापतं का पाणी?" मुलगा म्हणाला, "तापतं तितकंच, उकळतं लवकर." एवढं नेमकं वाक्य मला बी.एड.च्या पाठातही जमलं नव्हतं.

परत आल्यावर वर्गात या दोघांना सगळ्यांनी उलटसुलट विचारलं. पातेलं वेगळं होतं ना? पाणी वेगळं? खालच्या पाण्यात क्षार असतील तर? या शेवटच्या शंकेसाठी एकाने पुढच्या खेपेला शहाद्याचं पाणी बाटलीत वर आणलं आणि तेही वर शहाण्णवालाच उकळलं. तेव्हा कुठे बाटलीचं पोट, पाकिटाचा फुगा आणि पारा हे तिन्ही एका ओळीत आले. मग मी आकडे दिले. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाएवढा. आपल्या उंचीवर तो सुमारे ६६०. हजार मीटर चढलं की उत्कलनबिंदू साधारण सव्वातीन-साडेतीन अंशांनी घटतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी सत्तरच्या आसपासच उकळेल. वसतिगृहाच्या स्वयंपाकाच्या मावशी कधीपासून सांगत होत्या की इथली डाळ हट्टी आहे, खाली माहेरी एवढा वेळ लागत नाही. त्यांच्या मते दोष सरपणाचा. पोरांनी जाऊन त्यांना दाबाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग त्या दाबाला सांगा, कुकर आणून दे म्हणावं." कुकरमध्ये नेमकं तेच होतं, दाब वाढवून उकळणं पुढे ढकलतात, हे पाठात नसलेलं उपयोजन आम्हाला त्यांच्याकडून मिळालं.

यानंतर मी मुलांना दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये पास्कलने आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्युई द दोम नावाच्या डोंगरावर पाठवलं. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा कमी उंचीला थांबला, तेव्हा हवेला वजन आहे हे म्हणणं पक्कं झालं. आणि १७४२ मध्ये स्वीडनच्या सेल्सिअसने आपली शंभर भागांची पट्टी मांडताना दाखवून दिलं की बर्फ वितळण्याचं तापमान दाबाने जवळपास बदलत नाही, उकळण्याचं मात्र बदलतं. त्याच्या पट्टीवर उकळणं शून्य होतं आणि गोठणं शंभर. उलटापालट नंतर झाली. हे ऐकून वर्गात हशा पिकला. आपण बर्फ आणून शून्य तपासलं आणि डोंगर उतरून शंभर तपासलं, तेच त्यानेही तपासलं होतं, हे त्यांना कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो मोजायला कुठल्याही यादीत रकाना नाही. आणि ज्या शंभराला आम्ही एवढे घाबरत होतो, त्याच्या शेजारी 'प्रमाण दाबाला' ही अट पहिल्या दिवसापासून होती.

परीक्षेत काय लिहायचं, हा प्रश्न अर्थातच आला. मी सांगितलं, शंभर लिहा आणि अट लिहा. वहीत मात्र दिसलं तेच. या दोन्हींत विरोध नाही, हे समजायला काहींना बरेच दिवस लागले. एक-दोघांना अजून समजलेलं नाही.

सगळेच पाठ असे उघडत नाहीत. धाराविद्युत शिकवताना दोन ॲमीटर दोन वेगळी रीडिंगं देतात आणि आमच्याकडे तिसरा नसतो. काही तास सरळ व्याख्या सांगून, उदाहरणं सोडवून पुढे जावं लागतं. पण नववीच्या गतीच्या पाठात वर्तुळाकार गती येते तेव्हा मी गोफण मागवतो. कणसं भरली की माळ्यावर बसून पाखरं हाकायचं काम या मुलांनी लहानपणापासून केलेलं असतं. प्रश्न पुस्तकी आहे: वर्तुळात फिरणारी वस्तू सोडली तर कुठे जाईल? उत्तर: स्पर्शिकेच्या दिशेने. अमेरिकेत १९८० मध्ये मायकेल मॅक्लोस्की आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशाच प्रकारचे प्रश्न विचारले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी सुटलेला चेंडू पुढेही वळत जाईल असं चित्र काढलं; त्यांतले काही भौतिकशास्त्र शिकलेले होते. माझ्या वर्गात मात्र गमतीची गोष्ट घडली. कागदावर विचारलं तर अर्ध्या वर्गाने बाण बाहेरच्या बाजूला, केंद्रापासून सरळ दूर काढला. मग मैदानात नेलं, समोर एक दगडांची रास दाखवली आणि म्हटलं, लावा. नेम धरताना एकाही पोराने दगड राशीच्या समोरच्या रेषेत असताना दोरी सोडली नाही. सगळ्यांनी ती हात बाजूला असताना सोडली, म्हणजे स्पर्शिका राशीकडे जाते तिथे. हाताला माहीत होतं, कागदाला नव्हतं. मी त्यांना हळू फिरवायला लावलं, सोडायची जागा खडूने जमिनीवर आखायला लावली, आणि मग त्यांनी आपापली चित्रं स्वतःच खोडली.

माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. आमच्या निष्पत्तींची यादी असं धरून चालते की मूल पाटी कोरी घेऊन येतं आणि आपण त्यावर क्षमता उमटवतो. तीरकामठा ताणताना ऊर्जा कुठे साठते, मोहाची फुलं आंबवून मडक्यात तापवली आणि वाफ थंड केली की काय वेगळं होतं, हे या मुलांनी पाहिलेलं असतं. ऊर्ध्वपातनाची आकृती पुस्तकात काचेच्या संघनकासह येते, मुलं ती पाठ करतात, आणि घरच्या मडक्याशी तिचं नातं आहे हे बोलायला लाजतात. दारूचा विषय, सर काय म्हणतील. मलाही तो विषय वर्गात काढताना अवघड वाटतं. काढला तर दारूचं कौतुक होतंय का, असं विचारणारे असतात. मी काढतो. कोणता द्रव आधी वाफ होतो आणि का, हे विचारतो आणि तिथेच थांबतो. एका मुलीने सांगितलं की आजी वरच्या भांड्यातलं पाणी गरम झालं की बदलते. का बदलते? "नाहीतर वाफ तशीच उडते." संघनकातून थंड पाणी सतत का वाहतं ठेवतात, हे मग वेगळं शिकवावं लागलं नाही.

मी काही नवं करतो आहे असं मुळीच नाही. आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा जिने आखली आहे, त्या नर्मदेच्याच काठी, पण बरंच वरच्या अंगाला, होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि तो शेकडो शाळांत गेला. 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तकं, त्यांत आधी करून बघ, मग वर्गात बोल, मग लिही. मला त्यांची सगळ्यांत आवडलेली गोष्ट परीक्षेची. पुस्तक आणि स्वतःची वही उघडी ठेवून पेपर सोडवायचा, शिवाय प्रयोग वेगळा. उद्दिष्ट जे लिहिलं तेच तपासलं. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबते, हे वाचून वाईट वाटलं, पण एका सरकारी व्यवस्थेत ती तीस वर्षं चालली हेही तितकंच खरं. महाराष्ट्रात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७०च्या दशकात आपल्या सुरुवातीच्या मोठ्या कामासाठी खानदेशातलंच खिरोदा निवडलं होतं. केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी पुढे सांगत राहिले की पुष्कळ मुलं विज्ञानात अडत नाहीत, पुस्तकाच्या भाषेत अडतात. वाक्यं सोपी करा आणि बघा. तोरणमाळला हे रोज दिसतं. कर्मणी प्रयोगातलं लांब वाक्य मी तोडून तीन करतो, आणि जे मूल आधी गप्प होतं ते बोलायला लागतं.

वर्षअखेरीला तक्ता भरावा लागतो. प्रत्येक मुलापुढे, प्रत्येक निष्पत्तीपुढे खूण. मी तो भरतो. न भरण्याचा बाणेदारपणा मला परवडत नाही, आणि तक्ता अगदीच निरुपयोगी आहे असंही मी म्हणणार नाही; कोणतं मूल एककं लिहायला विसरतं, हे त्यानेच लक्षात येतं. भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी एकदा प्रयोगवही चाळताना ९६ वर बोट ठेवून विचारलं, "हे तपासलं नाही वाटतं?" वर्गातल्या मुलाने उभं राहून सांगितलं, "साहेब, तपासलंय. बर्फात पण आणि शहाद्याला पण." साहेब थोडे गोंधळले, मग त्यांनी पाणी ठेवायला लावलं आणि स्वतः वाकून पाहिलं. त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण त्यांनी वाकून पाहिलं याचा मला आनंद झाला.

यंदा दिवाळीच्या आधी नव्या वर्गात अस्तंबा ऋषीच्या शिखराचा विषय निघाला. धनत्रयोदशीच्या सुमाराला त्या शिखरावर यात्रा भरते, आमची कितीतरी मुलं घरच्यांबरोबर रात्रीची चढून जातात. शिखर सुमारे १३२५ मीटर उंच. एकाने सुचवलं, थर्मामीटर घेऊन जातो, वर चहा करतातच. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, आधी अंदाज लिहा, मग माप. तोरणमाळ आणि शहाद्याचे दोन आकडे घेऊन त्यांनी त्रैराशिक मांडलं. पावणेदोनशे मीटर जास्त, म्हणजे अर्धा अंश, फार तर किंचित जास्त. साडेपंच्याण्णवच्या आसपास यायला हवं. सगळे खूश झाले. तेवढ्यात थर्मामीटर हातात घेऊन बसलेली एक मुलगी म्हणाली, "सर, यावर रेघा एकेक अंशाच्या आहेत. अर्धा अंश आपल्याला दिसणारच नाही. आम्ही वर जाऊन जे पाहिजे तेच वाचू."

त्यावर वाद झाला. काहींचं म्हणणं, दोन रेघांच्या मध्ये अंदाजाने वाचता येतं. ती म्हणाली, मग दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांना न सांगता, आणि ज्याला अंदाज माहीत नाही अशा तिसऱ्यालाही वाचायला लावायचं. शेवटी तसंच करायचं ठरलं. तिसरा म्हणून एकाचा काका नेमला आहे. अर्ध्या अंशाच्या रेघांचा थर्मामीटर मी मागणीपत्रात लिहून दिला आहे. यात्रेच्या आधी येईल असं काही वाटत नाही.